द्वारका झाली

हडपसरच्या पूर्वेला, कॅनॉल ओलांडला की जी जुनी वस्ती लागते, तिथे कुणी बिनतयारीचा गेला आणि ऐनवेळी तोंडघशी पडला, की लोक म्हणतात, "झाली त्याची द्वारका." वर्षभर गाडीवर भटकून पोरगं गणिताच्या पेपरात नुसता बैठक क्रमांक लिहून आलं, की त्याची द्वारका झाली. पुढारी भाषणाला उभा राहिला आणि खिशातला कागद सापडेना, की त्याची द्वारका झाली. वऱ्हाड दारात आणि आचारी अजून कांदेच सोलतोय, असं झालं तर सबंध मांडवाची द्वारका झाली.

यात अडचण एवढीच होती की खरी द्वारका जिवंत होती. वय त्रेपन्न, तब्येत ठणठणीत, कान शाबूत. ती त्याच वस्तीत राहत होती आणि दिवसातून दोनदा तरी स्वतःचं नाव असं कानावर घेत होती.

झालं होतं ते असं. चौतीस वर्षांपूर्वी द्वारका विश्रांतवाडीहून लग्न होऊन इथे आली. तेव्हा विश्रांतवाडीही गाव होतं आणि हडपसरही गाव होतं. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि पाठ केलेला उखाणा एक. "दोन तरी पाठ कर गं," असं आईने चारदा बजावलं होतं. द्वारकेचं म्हणणं, नवरा एकच आहे, उखाणे दोन कशाला? लग्नाच्या पंगतीत घास भरवताना सासरच्या बायकांनी नाव घ्यायला लावलं. तिने तो एकुलता एक उखाणा मोठ्या झोकात घेतला, टाळ्या मिळवल्या, जिलबी खाल्ली आणि प्रश्न सुटला असं समजून टेम्पोत बसली.

भर दुपारी सासरचं दार आलं. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप, आणि त्याच्यामागे सागवानी चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभी असलेली थोरली नणंद, कांताबाई. "नाव घे, मगच आत ये," कांताबाई म्हणाली.

द्वारकेने तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळचा माल संपलाय. पहिलाच उखाणा परत घ्यायची सोय नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्या त्याच बायका मागे उभ्या होत्या. पायाखाली फरशी तापलेली. मागून कुणीतरी दया येऊन "चंद्र" असा शब्द पुरवला. दुसऱ्या बाजूने "समुद्र" आला. चंद्राचं आणि समुद्राचं मिळून काय करायचं, ते तिला उमगेना. शेवटी तिने डोळे गच्च मिटले आणि नुसतंच म्हणाली, "दशरथ."

पुढे राव नाही, मागे यमक नाही. त्या काळी त्या वस्तीत नवऱ्याचं नाव असं उघडंवाघडं घ्यायची छाती कुणाची नव्हती. दीडदोनशे माणसं गप्प झाली. आणि त्या शांततेत, मागे चपलांच्या ढिगात स्वतःची चप्पल शोधणारा दशरथ, हाक आली म्हणून खणखणीत आवाजात म्हणाला, "ओ!"

मग जे हसू फुटलं, त्यात कांताबाई चौकट धरून खालीच बसली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं, आठवड्याच्या आत शेजारच्या मांजरी गावात पोचलं, आणि फुरसुंगीला, म्हणजे स्वतःच्या सासरी, तर कांताबाई ते जातीने घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता द्वारकेला उखाणा सुचला. "दारात ऊन कडक, घरात सावली; दशरथरावांचं नाव घेते, वाट सोडा वन्सं माउली." त्या दाराला, त्या उन्हाला आणि त्या नणंदेला अगदी मापात बसणारा. पण ते दार तीन दिवसांपूर्वीच मागे पडलं होतं. मेथीची जुडी तशीच हातात धरून ती रडली, आणि सासूला सांगितलं की कांदा लागला. घरात तेव्हा कांदा कुणीच चिरत नव्हतं.

त्यानंतर द्वारका बिनतयारीची कुठे म्हणून गेली नाही. तिच्या पर्समध्ये सेफ्टी पिना, सुईदोरा, काडेपेटी, सुपारी, ओव्याची पुडी आणि सुक्या खोबऱ्याची एक वाटी कायम असे. बँकेत जाताना ती दोन पेनं न्यायची, एक स्वतःला आणि एक पेन मागायला येणाऱ्या माणसाला. आणि एक वही होती. तिच्यात स्वतः रचलेले दोनशे अकरा उखाणे होते, प्रसंगाप्रमाणे पानं पाडलेली. सत्यनारायण, डोहाळजेवण, बारसं, नवी गाडी, बोअरला पाणी लागलं तर. एका पानावर नुसतं 'अचानक' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली सतरा उखाणे.

आसपासच्या नव्या नवऱ्या तिच्याकडे उखाणे न्यायला यायच्या. "काकू, एखादा चांगला द्या ना, नाहीतर माझी द्वारका व्हायची," असं तिच्याच तोंडावर म्हणायच्या, आणि त्यात काही चुकलंय असं एकीच्याही मनात यायचं नाही. शब्द इतका चालून चालून गुळगुळीत झाला होता की त्याच्या आत कुणी बाई आहे, हेच लोक विसरले होते. द्वारका वही काढायची, उखाणा उतरवून द्यायची आणि वर चहा पाजायची.

तो शब्द कॅनॉल ओलांडून किती लांब गेलाय, ते तिला अभिनवचं लग्न ठरलं तेव्हा कळलं. अभिनव तिचा एकुलता एक मुलगा, हडपसरच्याच एका आयटी कंपनीत. तिथेच त्याने शेफालीशी जमवलं. शेफाली अकोल्याची, नोकरीसाठी पुण्यात आलेली, बोलायला चुणचुणीत. एका रविवारी ती घरी आली, सोबत त्या दोघांचा ऑफिसातला मित्र सौरभ होता. द्वारकेने पोहे केले होते.

"काकू, पोहे एक नंबर," सौरभ म्हणाला. "या आठवड्यातली ही पहिली चांगली गोष्ट. परवा क्लायंटसमोर डेमो होता, आणि माझा लॅपटॉपच उघडेना. पूर्ण द्वारका झाली माझी."

अभिनवच्या घशात शेंगदाणा अडकला.

"द्वारका झाली म्हणजे?" शेफालीने विचारलं.

"तुला माहीत नाही? आपल्या फ्लोअरवर सगळे म्हणतात की." सौरभ सरसावून बसला. "अगं, ओरिजिन पौराणिक आहे. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली ना? प्लॅनिंगच नव्हतं काही. बॅकअप नाही, काही नाही. त्यावरून आलंय."

"वॉव," शेफाली म्हणाली.

"लिंबू देऊ का अजून?" द्वारकेने विचारलं.

स्वयंपाकघरात येऊन तिने लिंबू कापलं आणि तशीच उभी राहिली. आपली फजिती थेट श्रीकृष्णाच्या माथी गेली, याचं तिला क्षणभर बरंच वाटलं. मग तिला पुढचं दिसलं. जो शब्द पुराणात जाऊन बसला तो आता मरणार नाही. आपण जाऊ, आणि आपलं नाव याच अर्थाने मागे राहील. उद्या नातवंडं होतील, शाळेत नापास होतील आणि घरी येऊन सांगतील, "आज्जी, माझी द्वारका झाली."

मग तिने मनाशी ठरवलं. जुनं घर पाडून बंगला बांधला होता, पण दाराची सागवानी चौकट तीच ठेवली होती. सून त्याच चौकटीतून आत येणार होती. दार अडवायला कांताबाईच असणार होती. अभिनवला बहीण नव्हती, आणि असती तरी कांताबाईने तिला पुढे येऊ दिलं नसतं. सुनेचं झालं की सगळे वरमाईलाही नाव घ्यायला लावणार, ही इथली रीत. तेव्हा त्याच दारात, त्याच नणंदेसमोर, चौतीस वर्षं सांभाळलेला तो मेथीतला उखाणा घ्यायचा आणि हे प्रकरण कायमचं मिटवायचं. त्यासाठी सून मात्र अडखळता कामा नये. त्याच घरात, त्याच दारात दुसरी अडली, तर शब्दाला आणखी शंभर वर्षं मरण नव्हतं.

साखरपुड्यात कांताबाईने शेफालीला सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली, शेवटच्या "ओ!"सकट. दुसऱ्या दिवशी शेफालीचा फोन आला. "आई, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं ते तुमच्यावरून आहे."

"असू दे गं."

"पण मला जाम टेन्शन आलंय. दारात माझी नक्की द्वार..." पलीकडून जीभ चावल्याचा आवाज आला. "म्हणजे, मला काहीतरी होणार."

"काही होत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता फोन लाव," द्वारका म्हणाली.

तिने सुनेसाठी नवा उखाणा रचला. "हडपसरच्या पुलावर रोज ट्रॅफिक जाम, अभिनवचं नाव घेते, आजपासून याच घरी मुक्काम." शेफालीने तो उभ्याने म्हटला, बसून म्हटला, कॅबमध्ये म्हटला, एकदा तर मीटिंग चालू असताना आवाज बंद करून ओठ हलवत म्हटला. वर आणखी दोन उखाणे राखीव, आणि ते तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून शालूच्या निऱ्यांत खोचून ठेवायची सूचना. चिठ्ठीची एक प्रत द्वारकेच्या कमरेला असणार होती.

लग्नाच्या चार दिवस आधी ती पडवीत येरझाऱ्या घालत स्वतःचा उखाणा घोकत होती. दशरथ खाली बसून मंडईला न्यायच्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. जमीन गेली, एक एकर राहिली, पण मंडईतला गाळा त्याने सोडला नव्हता. बोलणं कमी. गिऱ्हाइकाशीही तो भाव सांगून गप्प बसायचा.

"कसा वाटतो?" तिने विचारलं.

"हाय बरा."

"बरा म्हणजे? दोनशे अकरा उखाणे रचले तुमच्या नावाचे. कधी चांगला म्हणाला नाहीत."

दशरथने जुडीला सुतळीची गाठ मारली. "सगळ्यांत मी हायच. चंद्राच्या न् चांदण्यांच्या मधी दाटीवाटीनं बसलोय. ते पहिलं बरं होतं."

"कोणतं पहिलं?"

"दारातलं. त्यात मी एकटाच होतो."

द्वारकेच्या येरझाऱ्या थांबल्या. चौतीस वर्षांत तो त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. "चेष्टा करताय?" ती म्हणाली.

"ती जुडी दे हिकडं," दशरथ म्हणाला.

लग्न सोलापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात झालं, आणि वरात दिवेलागणीला घरी आली. द्वारका वरातीच्या आधी घरी येऊन दाराच्या आत तयारीत होती. माप भरलेलं, ओवाळणीचं ताट तयार, कमरेला चिठ्ठी, जिभेवर उखाणा. कांताबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभीच होती. नऊ वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हापासून ओवाळायचं ताट तिने हातात धरलं नव्हतं. पण दार अडवायला कुंकू लागत नाही, असं तिचं म्हणणं. आणि दुसऱ्यांकडून नावं काढून घेण्यात साऱ्या भावकीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"चिठ्ठी-बिठ्ठी चालायची न्हाय हां," तिने आल्याआल्याच जाहीर केलं. "मोबाईल बी तिकडं दे. घे नाव, सुनबाई."

शेफालीने घसा साफ केला. "हडपसरच्या," ती म्हणाली आणि थांबली. "हडपसरच्या..."

"हडपसरला आलीच हायेस बाई, फुडं बोल!"

सगळे हसले. भाचेमंडळींनी मोबाईल वर धरले. शेफालीचे ओठ हलले, आवाज आला नाही. "पुलावर," कुणीतरी पुरवलं असतं तर ती सुटली असती, पण तो उखाणा घरात फक्त दोघींना माहीत होता. शेफालीची नजर माणसांवरून भिरभिरत गेली आणि द्वारकेवर येऊन थांबली. ती नजर द्वारकेने आरशात कधी पाहिली नव्हती, पण आतून तिला ती तोंडपाठ होती.

द्वारका पुढे झुकली. एक शब्द सांगायचा होता, पूल. तेवढ्यात कांताबाईने टाळी वाजवली.

"अगं बया, हिचं बी तेच! आता ऐका रे सगळे. द्वारका म्हणायचं सोडा. ती जुनी झाली. आजपासनं 'शेफाली झाली' म्हणायचं!"

हसण्याची मोठी लाट आली. "शेफाली झाली," एका भाच्याने म्हणूनही पाहिलं, आणि ते तोंडात छान बसलं.

द्वारकेच्या ओठांवर आलेला पूल तिथेच राहिला. खोटं कशाला सांगायचं, तिला पहिल्यांदा हलकं वाटलं. खांद्यावरचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचलावं इतकं हलकं. आपलं नाव सुटलं. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. अजून दोन श्वास गप्प राहिलं की चौतीस वर्षं संपणार होती, आणि वर आपला उखाणा घेऊन टाळ्याही मिळणार होत्या. मग तिला शेफालीचा खालचा ओठ दिसला. तो थरथरत होता, आणि पोरगी तो दातांनी धरून हसायचा प्रयत्न करत होती, कारण मोबाईल चालू होते.

द्वारकेने ताट दारामागच्या स्टुलावर ठेवलं. ती वाकली, कांताबाईच्या हाताखालून बाहेर आली आणि माप ओलांडून सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दाराच्या बाहेर, नवरी उभी राहते तिथे.

"अगं, तू कुठं चाललीस?" कांताबाई म्हणाली.

"वन्सं, आधी माझं घ्या. मग तिचं."

"घे की! तुझी तर वहीच हाय." कांताबाईने पुन्हा हात चौकटीला लावले. बायका पुढे सरकल्या. द्वारकाबाई घेणार म्हणजे चार ओळींचा तरी घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उखाणा जिभेवर होता, अख्खा, एकही शब्द न सांडता. द्वारकेने तो गिळला. डोळे मात्र या वेळी उघडे ठेवले.

"दशरथ," ती म्हणाली.

फाटकाजवळ गाडीच्या डिकीतून बॅगा काढणारा दशरथ म्हणाला, "ओ! आलो!"

माणसं हसली, पण हसणं मघासारखं नव्हतं. त्यात कुणाची फजिती नव्हती. दशरथ दोन बॅगा घेऊन पुढे आला, बायको कुठे उभी आहे ते त्याने पाहिलं, आणि हा गाळ्यावर भाव सांगून गप्प बसणारा माणूस सगळ्यांसमोर लाजला.

"हं," द्वारका सुनेला म्हणाली. "आता तू."

शेफालीने एकदा तिच्याकडे पाहिलं. "अभिनव," ती म्हणाली.

"ओ," शेजारीच उभा असलेला अभिनव म्हणाला, आणि तिने पायाने माप लवंडलं, तांदूळ पसरले, आणि ती आत्याच्या हाताखालून सुळकन आत गेली.

कांताबाईचे हात अजून चौकटीलाच होते. "हे काय? ह्याला काय नाव घेणं म्हणत्यात? असं नुसतं म्हणायचं असतं, तर आम्ही चाळीस वरसं यमकं जुळवत बसलो ते कशाला?"

"मग तुम्हीच घ्या, वन्सं!" द्वारका म्हणाली.

ते रागाच्या भरात तोंडून गेलं. गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं. हसणाऱ्या बायका एकदम थांबल्या. ज्या बाईचा नवरा गेला तिला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. हे कुणी कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. नऊ वर्षं सगळ्यांनी पाळलं होतं. कांताबाईने या नऊ वर्षांत शंभर दारं अडवली असतील, पण तिच्याकडे वळून, आता तुमचं, असं एकाही माणसाने म्हटलं नव्हतं. द्वारकेच्या वहीत दोनशे अकरा उखाणे होते, आणि या प्रसंगाचं पान नव्हतं.

कांताबाईचे हात चौकटीवरून हळूहळू खाली आले. भावकीतल्या प्रत्येकीला नाव घ्यायला लावणारी ही बाई, हिच्याजवळ आज एकही उखाणा नव्हता. असेल कसा? कुणी विचारणारच नव्हतं.

"वन्सं, राहू द्या, माझं चुकलं," असं द्वारका म्हणणार होती. पण कांताबाई तिच्या आधी बोलली.

"जयसिंग," कांताबाई म्हणाली. इतक्या लहान आवाजात, की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

कुणी ओ दिली नाही. द्वारकेने तिचा हात मनगटापाशी घट्ट धरला. हे ऐकायला ते माणूस आज असायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.

कांताबाईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि तांदळात उभ्या असलेल्या द्वारकेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नऊ वरसांनी इचारलंस, बये," ती म्हणाली. "आधी सांगायचं तरी. काय बी तयारी न्हाय माझी." मग तिचा नेहमीचा, कॅनॉलपलीकडे ऐकू जाणारा आवाज परत आला. "झाली ना माझी द्वारका!"

आणि चौतीस वर्षांत त्या शब्दावर द्वारका पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तीच सागवानी चौकट धरून तिला खाली बसावं लागलं. तिच्या शेजारी कांताबाई बसली. आतून शेफाली विचारत होती, "आई, तुम्ही दोघी आत येताय ना?"